माया किती सोडली? हाँगकाँगचे दोन शिंपी, तीन सूट आणि नऊ शर्ट

माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. हे मला वयाच्या 46व्या वर्षी, हाँगकाँगमधल्या एका जुन्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, गळ्यात टेप अडकवलेल्या एका म्हाताऱ्या चिनी शिंप्याने सांगितलं. तोवर मी समजत होतो की जगातले सगळे तयार कोट उजवीकडून वाकडे शिवलेले असतात. आरशासमोर उभं राहून मी कॉलर ओढून सारखी करायचो, दोन मिनिटांत ती परत आपल्या जागी जायची, आणि दुकानातला पोरगा म्हणायचा, "सर, वापरून वापरून बसेल." वापरून कोट बसत नाही. आपल्याला त्याची सवय होते, एवढंच.

मी जहाजांच्या विम्याचे दावे बघतो. हाँगकाँगात चौथं वर्ष चालू आहे. आमच्या धंद्यातली भांडणं लवादापुढे जातात आणि तिथं सुटाशिवाय जायची सोय नाही. बाहेर जुलैचा तेहेतीस डिग्रीचा दमट उकाडा आणि आत एसी इतका कडक की कोट काढवत नाही. एकच कोट दिवसातून चार वेळा भट्टीतून फ्रीजमध्ये आणि फ्रीजमधून भट्टीत जातो. अंगाला नीट न बसलेला कोट असा दिवसभर घालून बघा, संध्याकाळी मान धरते.

पहिला प्रयोग फसला, तो आधी सांगतो. त्सिम शा त्सुईला, म्हणजे सगळे ज्याला टीएसटी म्हणतात तिथं, मेट्रोतून नेथन रोडवर डोकं वर काढलं की "टेलर सर, सूट सर" सुरू होतं. माझा चेहरा बघून तो माणूस थेट हिंदीवर आला, आणि परदेशात कुणी "भाईसाब" म्हटलं की आपण निम्मे विकले गेलेलो असतो. पॅकेज असं होतं: एक सूट, एक जादा पॅन्ट, दोन शर्ट, एक टाय, सगळं मिळून 2,300 हाँगकाँग डॉलर, आणि तीन दिवसांत हॉटेलवर पोच. म्हटलं, मी इथंच राहतो, मला घाई नाही. तरी त्याने तिसऱ्या दिवशीच दिलं. घाई त्याला होती.

या घाईला इथं इतिहास आहे. 1949च्या सुमारास शांघायमधून बरेच शिंपी हाँगकाँगला आले. कोट शिवण्यात तयार झालेली माणसं. ब्रिटिश फौजेचं गिऱ्हाईक इथं होतंच. पुढे साठच्या दशकात व्हिएतनाम युद्धातले अमेरिकन सैनिक थोड्या दिवसांच्या रजेवर उतरायला लागले, आणि जहाज सुटायच्या आत सूट हातात पडायला हवा असायचा. "चोवीस तासांत सूट" ही इथली ख्याती तिथून वाढली. पुढच्या काउंटरवर बोलणारा सिंधी दुकानदार आणि मागे हात चालवणारा चिनी कारागीर, अशी बरीच दुकानं चालली. आता सैनिकांच्या जागी पर्यटक आहेत, पण मुक्काम तेवढाच. त्यामुळे शिलाईचं वेळापत्रक अजूनही विमानाच्या तिकिटावर ठरतं.

माझा तो पहिला सूट घातल्यावर वाईट दिसत नव्हता, हे खरं सांगायला हवं. पहिले चार महिने कौतुकही झालं. तिसऱ्यांदा ड्रायक्लीनिंगहून आला तेव्हा छातीवर कापडाला बारीक फोड आल्यासारखं दिसायला लागलं. कोटाच्या पुढच्या भागाला आकार राहावा म्हणून आत एक थर असतो. चांगल्या कामात तो कॅनव्हासचा असतो आणि टाक्यांनी अडकवलेला असतो, त्यामुळे वरचं कापड त्यावर मोकळं हलतं. स्वस्त कामात तो इस्त्रीच्या उष्णतेनं चिकटवतात. डिंक सुटला की फोड येतात, आणि मग कुणाच्या बापाला ते दुरुस्त करता येत नाहीत. सगळं चिकटवलेलं काम टाकाऊ असतं असं नाही, हल्ली चांगलं चिकटवणारेही आहेत. पण कॅनव्हासचे पैसे घेऊन डिंक देऊ नये. ओळखायला सोपं आहे. खालच्या काजाच्या जरा खाली कोटाचं वरचं कापड एका चिमटीत आणि आतलं दुसऱ्या चिमटीत धरून अलगद ओढायचं. मधे तिसरा पदर सुटा सरकताना लागला तर कॅनव्हास. वरचं कापड पुठ्ठ्यासारखं एकजीव लागलं तर डिंक. हे मला नंतर कळलं.

फोड एक वेळ चालले असते. खरी फजिती पुढे झाली. माझं पोट जरा सुटलं, पॅन्ट कमरेत होईना. आमच्या गल्लीत एका जिन्याखाली एक बाई मशीन टाकून बसतात, कपडे बारीक-मोठे करून देतात. त्यांनी पॅन्टची मागची शिवण उलटी करून बघितली, करंगळीचं नख शिवणीला लावून मला दाखवलं आणि मान हलवली. शिवणीच्या आत नखाएवढंसुद्धा जादा कापड नव्हतं.

या जादा कापडाला मराठीत माया म्हणतात, हे मला आईमुळे माहीत. ती घरी शिवायची. आमच्या शाळेच्या चड्ड्यांना खाली इतकी माया असायची की दर जूनमध्ये पट्टी उसवली की उन्हानं न विटलेला गडद निळा पट्टा दिसायचा, आणि त्या पट्ट्यांवरून चड्डी किती वर्षांची ते मोजता यायचं. त्या जिन्याखाली उभं राहून मला तो पट्टा आठवला. तीन दिवसांत शिवणाऱ्याने कापड वाचवलं होतं. गिऱ्हाईक परत येणार नाही हे धरूनच त्याने बेतलं होतं.

परदेशात शिंपी शोधताना मी आता हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो: आत किती ठेवाल? उत्तर द्यायला माणूस अडखळला की मी चहा संपवून निघतो.

दुसरा शिंपी ऑफिसातल्या अकाउंट्सच्या बाईंनी सांगितला. त्यांच्या वडिलांचे कोट तो शिवायचा. त्याचं नाव इथं देत नाही, कारण त्यानेच नको म्हटलं. दुकानात तो आणि त्याचा भाचा, दोघंच, आणि हाताखाली घरी बसून काजं करणारी एक बाई. जास्त गिऱ्हाईक आलं तर सीमेपलीकडे चीनमधल्या शेन्झेन शहरात काम पाठवावं लागेल, तसं बरेच जण पाठवतात, ते त्याला नको आहे. नेथन रोडपासून दोन गल्ल्या आत, खाली औषधांचं दुकान, चार माणसं जेमतेम मावतील अशी लिफ्ट, वर लोखंडी जाळीचं दार. ना काचेचं शोकेस, ना टाय लावलेला पुतळा. सगळे त्याला सीफू म्हणतात, म्हणजे उस्ताद. त्याचं इंग्रजी इंचांपुरतं आहे, बाकीचं भाचा बोलतो.

पहिल्या दिवशी त्याने मापं घेतलीच नाहीत आधी. कोट कुठं घालणार, उभं राहून काम असतं की बसून, मोबाइल कुठल्या खिशात ठेवता, चष्मा कुठं, पाकीट कुठं, हे विचारलं. मग मला मधोमध उभं केलं. मी आपला एनसीसीच्या परेडला उभं राहावं तसा छाती काढून. तो काहीच करेना. भाचा म्हणाला, "घरी फोन लावा." मला कळेना. पण लावला, बायकोशी भाजीबद्दल बोलत होतो, आणि तेवढ्यात सीफूने मागून टेप लावली. फोनवर बोलताना माणूस जसा खरा उभा राहतो तसा उभा राहतो, हे त्याचं गणित. तेव्हाच तो खांद्याचा अर्धा इंच सापडला. शिवाय डावा हात तीन अष्टमांश इंच लांब निघाला. माझ्या कार्डावर सव्वीस आकडे आहेत, सगळी टिपणं चिनीत.

कापडाच्या बाबतीत मी शहाणपणा करायला गेलो. सुपर 150 पाहिजे म्हणालो, कारण आकडा मोठा तेवढा माल भारी अशी माझी समजूत. सुपरचा आकडा लोकरीच्या तंतूची जाडी सांगतो. सुपर 100 म्हणजे तंतू जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉनचा, सुपर 150 म्हणजे 16.25चा. आकडा वाढतो तसा तंतू बारीक होतो, कापड मऊ आणि चकचकीत होतं, आणि तेवढंच नाजूकही. सीफूने सॅम्पल बुकातले दोन तुकडे माझ्या दोन मुठींत दिले, दाबून धरायला लावले आणि माझ्या हातातच ठेवून आत चहा आणायला गेला. आल्यावर मुठी उघडायला सांगितल्या. सुपर 150चा चुरगाळलेला रुमाल झाला होता. दुसरा तुकडा, इटलीच्या कॅनोनिको गिरणीचा, कडक पिळाच्या सुताचा, साध्या विणीचा, बघता बघता सरळ झाला. दिवसभर खुर्चीत बसून फायली चाळणाऱ्याला हाच, असं भाचा म्हणाला. तोच घेतला. वजनाला मीटरमागे 260 ग्रॅम, पाठीला अर्धंच अस्तर, म्हणजे उकाड्यात वारा खेळतो. सूट कापडासकट 8,800 डॉलर, जादा पॅन्ट 1,900. जादा पॅन्ट घ्याच. कोटाच्या आधी पॅन्टची बैठक झिजते, हे मी पहिल्या सुटात शिकलो होतो.

मुदत चार आठवडे. दहा दिवसांत करा म्हटलं तर त्याने वही मिटली.

कच्ची ट्रायल बघण्यासारखी असते. कोट पांढऱ्या सुती दोऱ्याच्या लांब धावदोऱ्यांनी जोडलेला असतो, खिसे नाहीत, कॉलर अर्धीच, बाह्या नुसत्या टाचलेल्या. मी आरशात बघत होतो आणि मला तो छानच वाटत होता. सीफूने दोन पावलं मागे जाऊन बघितलं, पुढे आला, उजव्या मुंढ्यात दोन बोटं घातली आणि खर्रकन सगळी बाही उपटून काढली. माझ्या तोंडून आवाज निघाला. त्याने ती बाही परत लावली, जरा पुढे फिरवून, टाचण्या मारल्या, आणि मला हात टेबलावर ठेवल्यासारखा करायला सांगितलं. आधी दंडावर ज्या दोन चुण्या पडत होत्या त्या गेल्या होत्या. माझे हात सरळ खाली लोंबत नाहीत, जरा पुढे येतात. वीस वर्षं कीबोर्ड बडवल्याचा परिणाम. तयार कोटाची बाही सरळ लोंबणाऱ्या हातासाठी असते.

खांद्याचं त्याने काय केलं ते सांगतो, कारण इथं बरेच शिंपी सोपा मार्ग धरतात. उजवा खांदा खाली असेल तर त्या बाजूला जाड पॅड घालायचं, दोन्ही सारखे. समोरून ठीक दिसतं, पण उजवीकडे उशी बांधल्यासारखी वाटते आणि हात वर केला की ती कानापर्यंत येते. सीफूने पॅड किंचितच वाढवलं आणि बाकीचा फरक बेतण्यातच घेतला, उजवी बाजू उताराची कापली. खांदा आजही उतरलेलाच आहे. फक्त कॉलर मानेला सगळीकडून चिकटून बसते आणि पाठीत झोळ येत नाही. कोट कसा शिवलाय हे बघायचं असेल तर मागून मानेकडे बघा. शर्टाच्या आणि कोटाच्या कॉलरमध्ये बोट जाईल अशी फट असेल तर बाकी सगळी नक्षी व्यर्थ.

दुसऱ्या ट्रायलच्या दिवशी वादळाचं आठ नंबरचं निशाण लागलं. आठ लागला की हाँगकाँगात जवळपास सगळं बंद, ट्रायल आठवडाभर पुढे गेली. पर्यटक असतो तर तिथंच विषय संपला असता. म्हणून मोजून चार दिवसांसाठी येणाऱ्यांना माझं म्हणणं असं: उतरल्या दिवशीच शिंप्याकडे जा, किमान दोन ट्रायल कबूल करून घ्या, आणि बाहीच्या टोकाची काजं खरी, उघडणारी करून घेण्याची हौस असेल तर ती शेवटच्या ट्रायलआधी कापू देऊ नका. काजं एकदा कापली की बाही खालून लांब-आखूड करता येत नाही, मग खांद्यापासून उसवावी लागते, आणि ते काम घरी परतल्यावर कुणी धड हातात घेत नाही. या गोष्टीवरून मी पहिल्या दुकानात डाव्या हाताची बाही तीन अष्टमांश इंच आखूड घालून बाहेर पडलो होतो.

आता तक्रारी. सीफूच्या शर्टांवर मी पूर्ण खूश नाही. सूट बघून भारावलो आणि एकदम सहा शर्ट टाकले, 780ला एक. सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटतं, त्याचा हिशेब कॉलरमध्ये आणि बाहीत आधीच धरायचा असतो. धरलाय म्हणाला होता. तिसऱ्या धुण्यानंतर सहाच्या सहा शर्टांचं वरचं बटण लागेना. त्याने वाद घातला नाही, सगळ्या कॉलरी फुकट बदलून दिल्या, पण पाच आठवडे घेतले, आणि तेवढ्यात माझ्या दोन सुनावण्या झाल्या. चूक माझीही होती. पहिल्यांदा एकच शर्ट टाकायचा, तीन-चारदा धुऊन घालून बघायचा, मग बाकीचे. नंतरचा एक मी तसाच टाकला आणि तो उत्तम निघाला. शर्टच हवे असतील तर 1953पासूनचं अ‍ॅस्कॉट चँग इथं नावाजलेलं आहे. मी तिथं फक्त काचेतून बघतो.

बटणांवरून माझी एकदा छान जिरली. शाम शुई पोला की लुंग स्ट्रीटवर कापड आणि बटणांची दुकानं ओळीनं आहेत, तिथून हौसेनं शिंपल्याची बटणं आणली. सीफूने एक बटण उचलून वरच्या ओठाला लावलं आणि पुडी माझ्याकडे सरकवली. खरा शिंपला थंड लागतो. माझी बटणं कोमट होती, म्हणजे प्लास्टिक. मग त्याने आपल्या डब्यातलं एक माझ्या ओठाला लावलं. बर्फासारखं.

दुसरी तक्रार त्याच्या हट्टाची. पॅन्ट तो बेंबीच्या जवळ बांधतो. मला जरा खाली हवी होती. दोन वेळा सांगितलं, दोन्ही वेळा भाच्याने अनुवाद केला, दोन्ही वेळा त्याने मान डोलावली आणि शिवली तिथंच. आता मला तीच बरी वाटते, पण ते वेगळं. पैसे रोखच लागतात, निम्मे आधी. चिनी नववर्षाला दोन आठवडे कुलूप, आणि त्याच्या आधीचा महिनाभर तो नवीन काम घेतच नाही. माझ्या मापांची प्रत मागितली तर हसला. कागदी पॅटर्न त्याच्याकडे खिळ्याला टांगलेला आहे, तो तिथंच राहणार. बदली झाली तर सगळं नव्यानं. इथले काही मोठे शिंपी वर्षातून एक-दोनदा परदेशात फिरतात, हॉटेलची खोली घेऊन मापं घेतात, तसं काही हा करणार नाही. त्याला विमानाची भीती वाटते, असं भाचा म्हणाला.

गेल्या दोन वर्षांत त्याच्याकडून दोन सूट झाले. गेल्या महिन्यात पहिला काढला तर कोटाचं बटण ओढून लावावं लागत होतं. लाजत लाजत घेऊन गेलो. सीफूने काही विचारलं नाही. पॅन्ट उलटी केली आणि मागची शिवण मला दाखवली: दोन्ही बाजूंना मिळून पुरते तीन इंच कापड आत दुमडून ठेवलेलं. कोटाच्या बगलेतही बाजूला पाऊण इंच. शिवण सोडल्यावर आतला पट्टा किंचित गडद दिसत होता. त्याने ओल्या फडक्यावर इस्त्री फिरवली, उजेडाला धरून बघितलं आणि घड्या घालून बाजूला ठेवला. पॅन्ट आणि कोट मिळून 350 डॉलर. कार्डावर कमरेचा जुना आकडा खोडून नवा लिहिला, तारीख टाकली.

शुक्रवारी सुनावणी आहे. बुधवारी कोट देतो म्हणालाय. जिन्यापर्यंत सोडायला आलेल्या भाच्याने हळूच सांगितलं, गुरुवारी या.